चायना ग्रास आणि चव्वेचाळीस मॅग्नम

जेली पुन्हा फुटली. एका बारात अख्खा ठोकळा उडाला. लॉइडच्या टोपीवर, माझ्या चष्म्यावर, कुंपणाच्या तारेवर पांढरे थलथलीत तुकडे लोंबायला लागले. जिचा माग काढायचा ती गोळी कुठून शिरली, कुठवर गेली, हे सांगायला ठोकळाच जागेवर नव्हता. ऑक्टोबरातला हा तिसरा रविवार असाच गेला.

"चार्ली," लॉइड टोपी झटकत म्हणाला, "हे हरीण होतं की पुडिंग?"

चार्ली म्हणजे मी. चारुदत्त हे नाव पेनसिल्व्हेनियातल्या त्या पोलादाच्या कारखान्यात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी काटछाट केली. मी तिथे धातुतज्ज्ञ होतो, आणि लॉइड हॅकेनबर्ग भट्टीवरचा फोरमन. सहा फूट तीन इंच, बोलणं मोजकं. डावा हात मनगटापासून नाही. तो रोलिंग मिलने नेला.

सगळी भानगड त्या नसलेल्या हातापासून सुरू होते. आमच्या भागात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार म्हणजे हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळा बंद, कारखाना बंद, न्हावीसुद्धा दुकानाला कुलूप लावून जंगलात. एका हाताने रायफल पेलवेना, तेव्हा लॉइडने चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घेतलं. जवळजवळ फूटभर लांब, उशीखाली ठेवलं तर मान अवघडेल एवढं. उजवं मनगट डाव्या हाताच्या उरलेल्या खुंटावर टेकवून तो बार काढायचा आणि चाळीस पावलांवरची कॉफीची बशी उडवायचा.

आणि तरी गेल्या वर्षी त्याच्या हातून एक नर गेला. तीस पावलांवरून, खांद्यामागे नेम धरून बार काढला. हरीण कोसळलं, उठलं आणि पळालं. दिवसभर लॉइड रक्ताचे थेंब पाहत फिरला. थेंब ओढ्यापर्यंत आले आणि थांबले. हरीण मिळालं नाही. नंतर वर्षभर तो शिकारीचं काही बोलला नाही. मग यंदा सप्टेंबरात माझ्या प्रयोगशाळेत आला आणि टेबलावर तीन गोळ्या मांडल्या.

पहिली एकशेऐंशी ग्रेनची, म्हणजे वजनाने हलकी. नाकाला खळगा, अंगावर तांब्याचं कवच, वेग भन्नाट. दुकानदार हिलाच नवसाला पावणारी म्हणून विकायचे. दुसरी दोनशेचाळीसची, नाकाशी मऊ शिसं उघडं. तिसरी लॉइडने स्वतः गॅरेजमध्ये ओतलेली, अडीचशे ग्रेनची, कडक शिशाची, चपट्या डोक्याची. दिसायला अगदी खलबत्त्यातल्या बत्त्याचं पिल्लू.

"यातली कोणती?" तो म्हणाला. "गेल्या वर्षीसारखं आणखी एक हरीण कुठे झुडपात कुढत मेलं, तर मी ही बंदूक विकणार आणि परत जंगलात पाऊल टाकणार नाही. तू धातूवाला आहेस. शिवाय तू वाघ मारलेस."

हे शेवटचं वाक्य माझ्या पोटात गोळीसारखंच शिरलं.

वाघांचं असं होतं. मी कारखान्यात लागलो तेव्हा नोव्हेंबर होता. जेवणाच्या सुट्टीत जो तो हरणांच्या गोष्टी सांगायचा आणि मी कोपऱ्यात बसून पोळीभाजी खायचो. एकाने विचारलं, "तुमच्याकडे शिकार असते का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चांद्याच्या जंगलात माझ्या काकांबरोबर वाघ मारलाय मी." माझे काका जंगलखात्यात होते हे खरं. ते तिथे हेडक्लार्क होते. पण मंडळी खुर्च्या ओढून जवळ आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत कुणीतरी मला विचारलं, "मग?" त्या 'मग'च्या नादात सहा वर्षांत माझे वाघ सातवर गेले. त्यातला एक तर घाबरून नारळाच्या झाडावर चढून बसला होता. चांद्यात नारळ होत नाही, पण ते तिथे कोणाला माहीत!

तर आता लॉइडला उत्तर द्यायचं होतं, आणि खरं द्यायचं होतं. मला त्याची सवय नव्हती.

पहिल्यांदा मी टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या पाण्यात भिजवून त्यांच्यावर बार काढायला लावले. लावले म्हणजे लॉइडने काढले. मी म्हणालो, "माझं मनगट पाचव्या वाघापासून कमजोर आहे." डिरेक्टऱ्या बाहेरून भिजलेल्या आणि आतून कोरड्या. एकाच जातीची गोळी एकदा 'बी'पर्यंत गेली आणि एकदा 'आर'पर्यंत. मग दुधाचे प्लॅस्टिकचे गॅलन पाणी भरून ओळीने ठेवले. गोळ्या सापडल्या, कपडे भिजले, अक्कल तेवढीच राहिली. शेवटी एका शिकारी मासिकात वाचलं की खरी परीक्षा जिलेटिनच्या ठोकळ्यात. दहा टक्के जिलेटिन, थंड करून. ते प्राण्याच्या अंगासारखं वागतं.

मी उत्साहाने घरी सांगितलं. माझी बायको पद्मजा पुण्याची, शनिवार पेठेतली. तिने हातातली लाटी परातीत ठेवली.

"जिलेटिन म्हणजे हाडं उकळून काढतात तेच ना?"

"हाडं, कातडी, थोडंसं..."

"माझ्या पातेल्यात?"

"मोठं पातेलं एकच आहे गं आपल्याकडे."

"ज्यात मी गणपतीचा प्रसाद करते ते? आणि ते थंड कुठे करणार? माझ्या फ्रिजमध्ये, साईच्या शेजारी?" तिने लाटी पुन्हा उचलली. "अहो, चायना ग्रास वापरा की. जेलीच पाहिजे ना? शेवाळाचं असतं, उपासालाही चालतं."

आणि मी, एम. टेक. मेटलर्जी, पदार्थांचे गुणधर्म शिकण्यात सहा वर्षं घालवलेला माणूस, म्हणालो, "अरे वा! हे कसं सुचलं नाही मला?"

पद्मजाची मैत्रीण मृणालिनी शिकागोला राहायची. तिने तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून चाळीस पाकिटं पाठवली. दुकानदाराने तिला विचारलं म्हणे, लग्न कोणाचं आहे? त्यातली अडतीस पाकिटं मी शिजवली, आणि ऑक्टोबरचा प्रत्येक रविवार लॉइडच्या मागच्या शेतात जेली पुसण्यात गेला. पातळ केली की ठोकळा बसका व्हायचा, घट्ट केली की काचेसारखा फुटायचा. शेवटी ठोकळा फुटू नये म्हणून लाकडी खोका ठोकला आणि दुप्पट घट्ट जेली त्यात बसवली. ती एकदाची टिकली.

मग मी मोजमाप केलं. गोळीने जो खड्डा पडला त्यात पाणी ओतायचं आणि कपाने मोजायचं. हलक्या गोळीच्या खड्ड्यात साडेचार कप. मऊ नाकाच्या खड्ड्यात दोन. लॉइडच्या ओतीव गोळीने पेन्सिलीएवढं भोक पाडलं, खोका ओलांडला आणि मागच्या मातीत गडप झाली. अर्धा कपही नाही. आकडे इतके स्वच्छ होते की मला गहिवरून आलं.

"हलकी!" मी लॉइडला म्हणालो. "नऊ पट मोठी जखम. संपला विषय."

लॉइडने हलक्या गोळीचं काडतूस उचललं. "गेल्या वर्षी त्या नराला मी हीच मारली होती."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. महिनाभराचा वैताग, कुजलेल्या डिरेक्टऱ्या, चाळीस पाकिटं, सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "मग तुझा नेम चुकला असेल. आकडे खोटं बोलत नाहीत."

त्याने रिव्हॉल्व्हर पुसलं, पेटीत ठेवलं, एका हाताने पेटीचे दोन्ही खटके लावले. "असेल," एवढंच म्हणाला.

मंगळवारी कारखान्याच्या सूचना फलकावर चिठ्ठी लागली: चव्वेचाळीस मॅग्नम विकणे आहे, काडतुसांसह, लॉइडला भेटा.

ती चिठ्ठी मी येताजाता बघायचो आणि माझं डोकं फिरायचं. कधी लॉइडवर, की एवढं काय मनाला लावून घ्यायचं, कधी मासिकावर, बहुतेक वेळा पद्मजावर, कारण ती घरी असायची. दिवाळी आली. उरलेल्या दोन पाकिटांच्या तिने केशरी वड्या केल्या. मी एक वडी उचलली आणि दोन बोटांत चुरडली.

"खायची नाही तर वाया कशाला घालवताय?"

"हिच्यापायी माझा मित्र गेला," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. नेम चुकला म्हणालो तेही सांगितलं.

पद्मजाने ताटातली वडी उचलली, दाबली. वडी लख्ख दुभंगली. मग काही न बोलता तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी खुर्चीवरून उठलो.

"आई गं! वेड लागलंय का?"

"तुटलं का काही?"

"तुटेल कसं!"

"ताणलं आणि परत जागेवर गेलं. तुमचं चायना ग्रास जातं का परत जागेवर? ते नुसतं तुटतं. कोणीही जोरात आपटलं की त्याचे तुकडे होणारच. तुम्ही त्या खड्ड्यात पाणी मोजत बसलात. हरणाचं अंग काय वडीसारखं असतं?"

मी दंड चोळत उभा राहिलो. पदार्थविज्ञानाची अख्खी दोन वर्षं तिने एका चिमट्यात गुंडाळली होती.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला काय विचारलंत तुम्ही? पातेलं मागितलंत. त्याचं उत्तर दिलं मी." मग तिचा आवाज उतरला. "गेल्या जानेवारीत तुम्ही कंबर धरून पडला होतात, तेव्हा आपल्या ड्राइव्हवेचा बर्फ त्याने एका हाताने काढला. मी चहा विचारला तर म्हणाला, बूट ओले आहेत, आत येत नाही. त्या माणसाला तुम्ही नेम चुकला म्हणालात? आणा ते जिलेटिन. पातेलं मी नंतर टाकून देईन. पण गॅरेजमध्ये शिजवायचं, कॅम्पिंगच्या शेगडीवर. घरात नाही."

शेजारच्या गावात मार्शमॅलो, म्हणजे त्या पांढऱ्या लुसलुशीत मिठाया, करणारा एक छोटा कारखाना होता. तिथून मी वीस पौंडांची पिशवी आणली. पद्मजाने पिशवीवरचं नाव वाचलं.

"मार्शमॅलोवाल्यांकडे हे कशाला असतं?"

मी शेगडी पेटवायला लागलो. तिने पिशवी हातातून खाली ठेवली.

"अहो, मी आठ वर्षं खातेय ते. चतुर्थीलासुद्धा खाल्लंय एकदा."

"ढवळू का मी?" मी विचारलं.

"ढवळा," ती म्हणाली, आणि नाकाला पदर लावून बाहेर जाऊन उभी राहिली.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ठोकळे तयार झाले. बाहेर थंडी इतकी की फ्रिजची गरजच पडली नाही. खाटकाकडून मी गाईच्या खांद्याची हाडं आणली, कारण हरणाच्या आतही हाडं असतातच, हे मला आता कुठे आठवलं होतं. ती ठोकळ्यापुढे बांधली. ती बांधताना पद्मजाने तोंड फिरवलं, पण मोजमापाची वही तिच्याच हातात होती.

राहता राहिली बंदूक. मी लॉइडकडे गेलो आणि म्हणालो, "शेवटचं एकदा दे." त्याने दारातूनच पेटी पुढे केली. "घेऊन जा. गिऱ्हाईक मिळालं तर त्याला दाखव." स्वतः आला नाही. शेत वापर म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

म्हणजे बार मलाच काढायचे होते.

आता हे खरं सांगतो. मी त्या दिवसापर्यंत आयुष्यात एकच बंदूक उडवली होती, ती जत्रेतली, फुगे फोडायची. पंधरा पावलांवर उभा राहिलो, दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं, आणि डोळे मिटून चाप ओढला. आभाळ माझ्या कपाळावर आदळलं. ते आभाळ नव्हतं, बंदुकीचीच नळी होती. उसळली आणि तिच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीने माझ्या दोन्ही भुवयांच्या मधोमध खूण केली.

"ठोकळ्याला लागली का?" मी आडवा पडल्या पडल्या विचारलं.

"कुंपणाला लागली," पद्मजा म्हणाली. "डोळे उघडे ठेवून मारा."

बावीस बार काढले तेव्हा नऊ कामाचे निघाले. माझं मनगट खरोखरच कमजोर झालं, कानात दोन दिवस कोणीतरी झांजा वाजवत होतं. पण ठोकळे फुटले नाहीत. थरथरले, ताणले गेले, पुन्हा मिटले, आणि आत गोळीचा माग स्वच्छ ठेवला. सुरीने कापून आम्ही बघितलं. हलकी गोळी हाडावर आपटून तिन्ही वेळा चुरा झाली. तुकडे चार इंचांवर अडकले. मऊ नाकाची दोनदा नाक पसरून फुलासारखी उमलली आणि खोल गेली, एकदा तिच्या नाकात हाडाचा भुगा बसला आणि ती उमललीच नाही. लॉइडने ओतलेली तिन्ही वेळा हाड फोडून, अख्खा ठोकळा ओलांडून, मागची फळी भोकसून मातीत गेली. माग फार रुंद नव्हता, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत होता.

"म्हणजे गेल्या वर्षी त्याचा नेम..." पद्मजा वही मिटत म्हणाली.

"नेम बरोबर होता. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली."

"मग जा आणि सांगा त्याला. कपाळाला काही लावू नका, तसेच जा."

रविवारी दुपारी मी लॉइडच्या स्वयंपाकघरात बसलो आणि वही उघडून सगळं वाचून दाखवलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा बंदच.

"गेल्या महिन्यातही तुझ्याकडे आकडे होते," तो म्हणाला. "कप होते. आता इंच आहेत. उद्या सोमवार आहे, चार्ली. जेलीचं राहू दे. मला एकच सांग, तू तुझ्या वाघांना कोणती मारलीस?"

पाहा, काय पेच होता. मी 'ओतीव, कडक शिशाची, सातही वाघांना' म्हणालो असतो, तर उत्तर बरोबरच होतं. सहा वर्षांची कमाई एका वाक्यात कामाला आली असती. वाक्य तोंडात तयारही होतं. पण ते बाहेर येईना. या माणसाला मी एकदा आकड्यांनी फसवलं होतं, तेही खोटं न बोलता. आता खोटं बोलून खरं पटवायचं म्हणजे फारच झालं.

"लॉइड," मी म्हणालो, "मी वाघ पाहिलाय तो नागपूरला महाराजबागेत. पिंजऱ्यात. तो झोपला होता."

लॉइड उठला, माझ्यासमोर आला आणि वाकून माझं कपाळ बघायला लागला.

"हे माशीने केलं?"

"हो."

"बंदूक सैल धरलीस आणि डोळे मिटलेस."

"हो. पहिल्या खेपेला."

"किती बार काढलेस?"

"बावीस."

तो खुर्चीत बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चार्ली, वाघ झाडावर चढला त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मेव्हण्याने विश्वकोश आणून बघितला. तुझ्या त्या जंगलात नारळच नाही."

"मग कोणी बोललं का नाही?"

"जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. त्यात काय करायचं?" त्याने डोळे पुसले. "पण सहा वर्षांत तू मला पहिल्यांदाच अशी गोष्ट सांगितलीस जिच्यात तू गाढव दिसतोस. वही दे इकडे."

वही त्याने दोनदा वाचली. हलक्या गोळीच्या पानावर त्याचं बोट बराच वेळ थांबलं. मग तो गॅरेजमध्ये गेला आणि स्वतः ओतलेल्या गोळ्यांची काडतुसं घेऊन आला. सहा मोजून टेबलावर ठेवली.

सोमवारी मी त्याच्याबरोबर गेलो, नारिंगी टोपी घालून, पायांत तीन-तीन मोजे घालून, आणि तरी माझी बोटं मेली. साडेनऊला झाडीतून एक नर आला, अठ्ठावीस पावलांवर, थोडा तिरका. लॉइडने मनगट खुंटावर टेकवलं. एकच बार. हरीण चाळीस पावलं धावलं, आमच्या डोळ्यांदेखत गुडघ्यांवर आलं आणि पडलं. लॉइड तिथे गेला, टोपी काढली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून खाली बसला. गोळी खांद्याचं हाड फोडून पलीकडे गेली होती. मला ती मोजायला हवी होती. दोन तास मी बर्फ उकरला. नाही सापडली. अजून वैताग येतो.

पण खरा वैताग मंगळवारी. सूचना फलकावरची चिठ्ठी निघाली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते. मी म्हटलं, आज सांगावं. पहिल्यांदाच आपल्याकडे खरी गोष्ट आहे. सांगितली: चाळीस पाकिटं, चिमटा, गॅरेजमधलं पातेलं, शाकाहारी बायको हातात वही घेऊन गाईच्या हाडांशेजारी थंडीत उभी, बावीस बार, पहिला कुंपणाला.

कोणीच हसेना. एकाने डबा बंद केला.

"चार्ली," तो म्हणाला, "वाघांचं आम्ही चालवून घेतलं. पण हे जरा जास्तच झालं."

"अरे, खरं आहे! लॉइड, सांग ना यांना!"

लॉइडने सावकाश घास गिळला आणि ओठ पुसले.

"मला काय विचारता," तो म्हणाला. "मी तेव्हा नारळाच्या झाडावर होतो. खाली वाघ होता."